खालच्या आखाड्याला दिलेला शब्द

देवणीकर सरांचा स्वभाव काळजीचा. बोर्डाची परीक्षा मुलांची असायची आणि पोट सरांचं बिघडायचं. किल्लारीच्या भूकंपानंतर सगळं लातूर हळूहळू घरात झोपायला गेलं, तरी सर पुढं कितीतरी महिने अंगणात खाट टाकून झोपत होते. शेजारी हसायचे. सर म्हणायचे, "हसा बापहो, हसा. छत तुमच्याच डोक्यावर आहे." त्यांच्या पत्नी इंदूताई तर पाहुण्यांना चहाबरोबर सांगायच्या, "यांना नुसतं आभाळाकडं बघू देऊ नका. ढग नसला तर का नाही म्हणून घाबरतात, आणि असला तर का आहे म्हणून."

लोकांनी इतकी वर्षं या काळजीची टिंगल केली, की खरी काळजी आली तेव्हा कुणी ओळखलीच नाही. त्या वर्षी सरांच्या पोटात जो गोळा उठला होता तो उगाचचा नव्हता. त्यांनी एका घराला शब्द दिला होता. तो शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच सहीशिक्क्यानं आणि चक्क देवाच्या नावानं मोडला जात होता. आणि त्या घरातल्या बाईला याचा पत्ताच नव्हता.

ही गोष्ट नीट सांगायची तर जमिनीपासून सांगायला हवी.

लातूरहून रेणापूरकडे निघालं की डाव्या हाताला एक कॉलनी लागते. लोक तिला मास्तरांची कॉलनी म्हणतात. वीसेक वर्षांपूर्वी शिक्षकांनी एकत्र येऊन ती जमीन श्रीमंतआबांकडून घेतली. आबांच्या भावकीत वाटण्या झाल्या होत्या, आणि लेक आरतीला नांदेडला नर्सिंगला घालायचं होतं. रस्त्याकडचं रान त्यांनी द्यायचं ठरवलं. पण उताराचं रान आणि त्यातला आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं घर, गोठा आणि विहीर, एवढं त्यांनी स्वतःकडं ठेवलं. सौदा ठरवायला सगळे मास्तर बांधावर बसले होते. आबांनी तंबाखू मळता मळता एकच गोष्ट काढली.

"जमीन देतो. पण आखाडा माझा उताराला हाय. आज ह्या रानात पडलेलं पानी ह्याच रानात जिरतंय. जास्तीचं बांधाला अडतंय. उद्या तुम्ही बांध मोडणार, घरं बांधणार. मग त्या पान्यानं जायाचं कुठं? माझ्या हिरीत आन् माझ्या घरात?"

बाकीचे मास्तर एकमेकांकडं बघायला लागले. देवणीकर सर मात्र उठून उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं खणखणीत बोलले, "आबा, आमच्या कॉलनीचं पाणी तुमच्या आखाड्यात येणार नाही. हा माझा शब्द."

"मग झालं तर," आबा म्हणाले. कागद मागितला नाही. मागं केवळाबाई, आबांची मालकीण, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मास्तर मानूस हाय, त्येचा काय कागद घ्यायचा." आणि सगळ्यांना चहा ठेवायला आत गेली.

कॉलनीचा नकाशा काढायला सरांनी आपली जुनी विद्यार्थिनी अपूर्वा हिला बोलावलं. ती नुकतीच इंजिनिअर झाली होती. सरांची काळजी ऐकून ती हसली नाही, हे विशेष. ती म्हणाली, "सर, पाऊस काही वाढणार नाही, पण पळणारं पाणी वाढणार. शेतातली काळी माती पाऊस पिऊन बसते. तिच्यावर गच्च्या, रस्ते, फरश्या आल्या की तोच पाऊस क्षणभर थांबत नाही. तो आपल्यालाच कुठंतरी थांबवावा लागेल."

आणि तिनं थांबवला. दर कॉलनीत एक मोकळी जागा राखीव ठेवावीच लागते. बाकीचे लोक त्यासाठी वेडावाकडा उरलेला कोपरा देतात. अपूर्वानं सगळ्यात खालची जागा दिली, आखाड्याच्या कुंपणाला लागून. ती कंबरभर खोल, पसरट उकरून घेतली. काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणली, म्हणजे पाणी जिरावं. कॉलनीतला सगळा उतार त्या खोलगटात आणला. मोठा पाऊस झाला की तिथं तळं साचायचं, आणि दोन-चार दिवसांत जमीन ते पिऊन टाकायची. हिवाळ्यात मुलं तिथं क्रिकेट खेळायची. कॉलनीच्या बोअरला एरवीच्या उन्हाळ्यात पाणी असायचं, आणि आबांची विहीर तर फाल्गुनापर्यंत आटत नसे. सर रोज संध्याकाळी फिरायला जाताना त्या खोलगटाच्या काठावर थांबायचे. ती जागा बघितली की त्यांना झोप लागायची.

पुढं आबा वारले. शब्द तसाच राहिला. आता तो एकट्या केवळाबाईचा झाला.

खोलगटावर कॉलनीचा राग मात्र हळूहळू साठत गेला. डास होतात, चिखल होतो, पाहुण्यांसमोर डबकं बरं दिसत नाही. त्यात आनंदराज सर कॉलनीचे सचिव झाले. हे फिजिक्सचे क्लासेस घेणारे, हुशार, हसतमुख आणि कुठल्याही कामाला पुढं. माणूस वाईट नव्हे बरं का, आजारी शेजाऱ्याला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारा. त्यांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत प्रस्ताव मांडला, की मोकळ्या जागेत भराव टाकून दत्तमंदिर बांधायचं, पुढं सभामंडप आणि भोवती पेवर ब्लॉक. टाळ्या पडल्या. कॉलनीचे अध्यक्ष म्हणून देवणीकर सर उभे राहिले.

"ते खोलगट... ते पाण्यासाठी आहे हो. आपण भरलं तर..."

"सर," आनंदराज अगदी आदरानं म्हणाले, "तुमचा दत्ताच्या मंदिराला विरोध आहे का?"

झालं! सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. सरांच्या घरी चार पिढ्यांचं गुरुचरित्राचं पारायण. रस्त्याला विरोध करता येतो, गटाराला येतो, कोर्टकचेरी करता येते. पण दत्तासमोर उभं राहून नको कसं म्हणायचं? सर म्हणाले, "छे छे, विरोध कसा असेल?" आणि खाली बसले. लगेच कुणीतरी सुचवलं, की भूमिपूजनाला यजमान म्हणून सर आणि इंदूताईच बसतील. पुन्हा टाळ्या.

त्या टाळ्यांत सर संपले. घरी आल्यावर ते इंदूताईंना म्हणाले, "मी काय करून बसलो ग!" इंदूताई जेवणाची ताटं घेत होत्या. म्हणाल्या, "बोलायचं तेव्हा बोलला नाहीत. आता तिला तरी जाऊन सांगा."

दत्तजयंतीला भूमिपूजन झालं. सर सोवळं नेसून पाटावर बसले, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आणि त्यानंतर जे झालं ते या मुलखातच होऊ शकतं. केवळाबाई तिथं आली होती, नवं लुगडं नेसून, मुलगा शिवमला घेऊन. प्रसाद घेतल्यावर ती आनंदराजांना म्हणाली, "भरावाला मुरूम कुठून आनताव?" ते म्हणाले, गुत्तेदाराला, म्हणजे कंत्राटदाराला, सांगितलंय. तर बाई म्हणते कशी, "गुत्तेदाराचा कशाला? माझ्या माळाचा न्या की. दत्ताच्या कामाला तेवढाच माझा हातभार."

सगळ्यांनी जयजयकार केला. सरांच्या हातातला प्रसादाचा द्रोण कलंडला. आपलं घर वाचवणारा खड्डा बुजवायला ही बाई आपल्याच माळाचा मुरूम देत होती! बरं, तिला कळत नव्हतं असंही नाही. शेतात जन्म गेलेली बाई, तिला उतार कळत नसेल? शिवमनं तिथंच तोंड उघडलं होतं, "आई, ह्यो खड्डा भरल्यावर पानी..." तर तिनं त्याला दटावलं, "सर बसलेत न्हवं पूजेला? त्येंनी पान्याची सोय केल्याबिगर नारळ फोडला आसंल का?"

आठवडाभर ट्रॉल्या येत होत्या. केवळाबाईच्या रानातून निघायच्या, कॉलनीला वळसा घालून यायच्या आणि खोलगटात रित्या व्हायच्या. सर गॅलरीत उभे राहून बघायचे. भराव कडेच्या रस्त्याहून वर आला आणि रोलर फिरला, तेव्हा ते आत गेले आणि त्यांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

भूमिपूजनानंतर पंधरवड्यानं येळवस आली, वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळे रानात जेवायला जातात. मास्तरांच्या कॉलनीचं येळवशीचं जेवण दरवर्षी केवळाबाईच्या रानात. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोप, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. सरांनी घरून निघतानाच ठरवलं होतं, आज सांगायचं. जेवणं झाल्यावर माणसं पांगली. सर कोपीजवळ गेले. केवळाबाई मडकं पुसत होती.

"केवळाबाई, एक बोलायचं होतं."

"बोला की सर."

"ते मंदिराचं... त्या भरावाचं..."

"लई चांगलं झालं बघा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आमच्या मालकाची लई विच्छा हुती, आपल्या रानात देवाचं ठिकान व्हावं. तुमच्यामुळं झालं. धरा, अजून एक पेला आंबील घ्या."

सरांनी पेला घेतला. आंबील पिऊन पेला परत दिला. परत येताना इंदूताईंनी फक्त विचारलं, "सांगितलं?" सरांनी नकारार्थी मान हलवली.

असं मग कितीदा झालं. सांगायला जायचं आणि चहा पिऊन परत यायचं. कधी तिच्या गुडघ्याची चौकशी, कधी आरतीच्या नांदेडच्या नोकरीची, कधी शिवमच्या लग्नाची. प्रत्येक वेळी फाटकातून बाहेर पडताना सर स्वतःला शिव्या द्यायचे. शिव्याही बिचाऱ्यांना धड येत नव्हत्या.

उन्हाळ्यात काम झपाट्यानं वर आलं. मंडपाचा स्लॅब टाकून झाला, भोवती पेवर ब्लॉक बसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पावसाचं पाणी मंडपात तुंबेल. त्यावर आनंदराजांनी तोडगा काढला, की कुंपणाच्या भिंतीला खालून एक मोठी मोरी पाडायची. पाडली. मोरीचं तोंड सरळ आखाड्याकडं. भिंतीपलीकडं जाऊन बघितलं तर समोर गोठा, त्याच्या बाजूला विहीर आणि पलीकडं केवळाबाईच्या घराचा उंबरा.

सरांनी पुण्याला अपूर्वाला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तिनं हिशेब मांडला.

"सर, खड्ड्यात जेवढं पाणी मावत होतं ते सगळं आता त्या मोरीतून जाणार. शिवाय तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते. आता?"

आता एकही रिकामा नव्हता. आणि आपल्याकडं घर बांधायची रीत तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्यापेक्षा जोतं हातभर वर घ्यायचं. मग रस्ता वर येतो, मग पुढचा माणूस आणखी हातभर वर जातो. ज्यानं पहिल्यांदा बांधलं तो खड्ड्यात. पहिलं घर सरांचंच, खालच्या अंगाला, मंदिराला खेटून. अंगणं सगळ्यांनी फरशीनं मढवली, झाडाला म्हणून वीतभर माती ठेवली नाही. ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, ज्या मास्तरांच्या बायका घागरी घेऊन टँकरमागं धावल्या, तीच माणसं आता पावसाचा थेंब दारात थांबू देत नव्हती. बाहेर घाला, पुढं घाला, दुसऱ्याकडं घाला!

"घरोघरी गच्चीचं पाणी बोअरला सोडा म्हणावं," अपूर्वा म्हणाली. "अंगणातली थोडी फरशी काढा, शोषखड्डे घ्या. सगळ्यांनी केलं तर बराच फरक पडेल. आणि सर, खाली राहतात त्यांना आधी सांगा. आजच सांगा."

सर दारोदार फिरले. स्वतःच्या गच्चीचा पाइप त्यांनी बोअरला जोडून घेतला, अंगणातली फरशी उचकटून टाकली, आणि लोकांना ते बघायला बोलावलं. लोक आले, "वा सर, छान" म्हणाले, आणि "करू की, पावसाळा तर येऊ द्या" म्हणत निघून गेले. कुणीही नाही म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. एकानं गमतीत विचारलं, "सर, भूकंपासाठी खाट आणि पावसासाठी काय, होडी घेणार का?" सर हसले नाहीत, आणि समोरच्याचंही हसू विरून गेलं.

मृग, आर्द्रा बेताचे गेले. मोरीतून वीतभर पाणी आलं आणि गोठ्यासमोर चिखल झाला. शिवम तणतणत कुंपणाशी आला. सर तिथंच होते. रोज असायचे. "सर, मी हितं आडवा बांध घालनार हाय. मोरीच्या तोंडाला. आईला तुम्ही सांगा, ती ऐकंना."

मागून केवळाबाई आली. "काय गरज न्हाई. बांध घातला की सरांवर आविश्वास दावल्यागत होतंय. वितभर पान्यानं काय मरतोय व्हय आपन?" आणि सरांकडं वळून म्हणाली, "पोरगं हाय, मनावर घिऊ नका."

बघा, म्हणजे आता सरांचा शब्द नुसता मोडला नव्हता. तो उलटा त्या बाईच्या मानेवर बसला होता. शब्द नसता तर तिनं कधीच बांध घातला असता. एखाद्यानं शत्रुत्व केलं असतं तरी इतकं वाईट झालं नसतं. सरांना हे कळत होतं, छातीत कळ यावी तसं कळत होतं. आणि तरीही ते शिवमसमोर गप्प राहिले. का? कारण त्या बाईच्या नजरेत आपण जे कुणी होतो, ते उद्यापासून नसू, याची त्यांना भीती वाटत होती. पाण्यापेक्षा जास्त.

पूर्वा कोरडी गेली, पण उत्तरा नक्षत्र फिरलं. टीव्हीवर मराठवाड्याचा नकाशा लालभडक दाखवायला लागले. उदगीरकडं ओढ्यांना पूर आले. लोह्याकडं एका वाडीत पाणी शिरल्याची खबर आली. सरांनी मोबाइल उशाशी ठेवायला सुरुवात केली. मग एके दिवशी सकाळी उठून बघतात तर आभाळ असं खाली आलेलं, की दिवस उजाडला तरी घरात दिवे लावावे लागले. वारा पडला होता. इंदूताईंनी चहा पुढं ठेवला. सर उठले, चपला घातल्या.

"चहा?"

"तिच्याकडं जातो आधी. आता चहा पिऊन गेलो तर पुन्हा तसाच परत येईन."

इंदूताईंनी छत्री हातात दिली आणि दारात उभ्या राहिल्या.

केवळाबाई गोठ्यात शेण काढत होती. सरांना बघून तिनं हात धुवायला तांब्या घेतला. "बसा की सर, च्या टाकते..."

"नको. ऐका आधी." सर उभ्यानंच बोलायला लागले, आणि इतके महिने घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तो खड्डा तुमच्यासाठी होता, केवळाबाई. आमचं पाणी तुमच्याकडं येऊ नये म्हणून. तो भरला. पाण्याची दुसरी कसलीही सोय मी केलेली नाही. मोरी आहे, ती तुमच्या दारात आहे. आबांना दिलेला शब्द मी पाळला नाही. बैठकीत बोलायचं धाडस झालं नाही. येळवशीला सांगायला आलो होतो, तेव्हाही झालं नाही. आज पाणी येणार आहे. शिवमला बांध घालू द्या. आत्ताच्या आत्ता."

तांब्यातलं पाणी तिच्या हातावरून सांडत होतं. ती सरांकडं बघत राहिली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर सरांना केवढं हलकं वाटलं असतं!

"मी मुरूम दिला," ती एवढंच म्हणाली. "माझ्या हातानं दिला."

"हो."

"तुम्ही बघत हुताव."

"हो."

ती वळली. "शिवम, त्या जेशीबीवाल्याला फोन लाव," तिनं हाक मारली, आणि जनावरं सोडायला गोठ्यात गेली. त्या आखाड्यावरून सर पहिल्यांदाच चहा न घेता परतले.

जेसीबी आला. मोरीच्या तोंडावर, दोन्ही टोकं भिंतीला भिडवत, शिवमनं माती ओढायला सुरुवात केली. दुपारच्या आत पुरुषभर उंचीचा बांध उभा राहिला. आणि मग पाऊस कोसळला. त्याला दुसरा शब्द नाही. समोरचं घर दिसेना. कॉलनीच्या रस्त्यांवरून पाणी धावत खाली आलं, मोरीपाशी गेलं आणि बांधाला थडकून माघारी फिरलं. आधी पेवर ब्लॉक बुडाले, मग मंडपाच्या पायऱ्या, मग मंडप. मग पाणी सरांच्या फाटकातून आत शिरलं, ओट्यावर चढलं आणि उंबरा ओलांडून बैठकीत आलं. इंदूताई पोथ्या आणि पिठाचा डबा घेऊन पलंगावर चढून बसल्या. सर कपाटाची खालची फळी उपसत होते. जन्मभर ज्याची धास्ती घेतली ते पाणी आता पिंढऱ्यांना लागत होतं.

पाऊस जरा उतरला तशी माणसं छत्र्या घेऊन जमली. खालच्या रांगेतल्या आणखी तीन-चार घरांत पाणी होतं. आनंदराज भिजून चिंब झालेले, विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली.

"बांध घातलाय त्यांनी! मोरीच बुजवली! इतकी वर्षं कधी नाही ते आजच कसं सुचलं? कुणीतरी सांगितल्याशिवाय..."

"मी सांगितलं," सर म्हणाले. ते आपल्याच दारात गुडघाभर पाण्यात उभे होते. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सगळे एकदम बोलायला लागले. अध्यक्ष असून? देवाच्या मंडपात पाणी! स्वतःचं घर बुडवलं, आमचंही बुडवलं. आनंदराज तेवढे शांत झाले. पुढं येऊन त्यांनी सरांचा दंड धरला.

"सर, झालं ते झालं. वर अजून ढग आहेत. पुन्हा आलं तर खालच्या घरांतली लेकरं कुठं न्यायची? ती बाई तुमचं ऐकते. चला, तुम्ही म्हणालात तर ती बांध फोडेल. थोडासाच फोडू द्या."

दंड धरूनच ते सरांना फाटकाबाहेर घेऊन निघाले. मागं पाच-सहा जण. आखाड्याच्या वाटेवर चिखलानं पाय उचलत नव्हते. केवळाबाई बांधावर उभी होती, डोक्यावर पोत्याची खोळ. तिच्या मागं गोठा कोरडा होता. विहिरीचा कठडा कोरडा होता. शिवम हातात फावडं घेऊन खाली उभा होता, आणि माणसं बघून त्यानं ते घट्ट धरलं.

केवळाबाईनं बाकीच्यांकडं बघितलं नाही.

"सर, तुमच्या घरात पानी शिरलं म्हनं?"

"शिरलं."

"इंदूताई?"

"पलंगावर बसली आहे."

तिच्या तोंडावरून पाणी निथळत होतं. सकाळी ती जे काही बोलली नव्हती ते सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. राग होता, दुःख होतं. आणि त्याच्याही खाली, इतकं होऊनसुद्धा, ते जुनं काहीतरी अजून होतं.

"मग काढू का बांध?" ती म्हणाली. "शिवमला सांगते. तुम्ही म्हनाल तसं करते."

"सांगा ना सर," मागून आनंदराज कुजबुजले. "एक शब्द टाका फक्त."

बाईनं पुन्हा सगळं त्यांच्याच ओंजळीत टाकलं होतं. घर, गोठा, विहीर, सगळं. एक शब्द टाकला तर इंदू कोरड्यात येणार होती, कॉलनी पुन्हा सर सर करणार होती. त्यांना रडू फुटलं. भर माणसांत, मोठ्या माणसानं रडू नये तसे ते रडले, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

"नका काढू, केवळाबाई," ते म्हणाले. "आणि उद्या मी परत येऊन काढा म्हणालो ना, तरीसुद्धा काढू नका."

आनंदराजांनी त्यांचा दंड सोडला. बांधावर केवळाबाईनं खोळ सावरली आणि शिवमला आणखी माती ओढायला सांगितलं. फावडं चालू झालेलं ऐकून सर वळले आणि आपल्या घरातल्या पाण्याकडं चालायला लागले.